केंद्राचा कायदा, राज्याचा कायदा आणि दावणीचा बैल



एरवी मी तुमच्याशी बोलतो ते बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी. आजचा विषय जरा वेगळा आहे. गावोगाव फिरताना चावडीवर, दूध संकलन केंद्राच्या कट्ट्यावर एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : "साहेब, दिल्लीचा कायदा एक सांगतो, मुंबईचा कायदा दुसरंच सांगतो. मग आम्ही ऐकायचं कोणाचं?" त्यावर बाजूला बसलेला कोणीतरी लगेच उत्तर देतो, "मोठ्याचं. दिल्लीपुढं कोणाचं चालतंय?"

हे उत्तर अर्धेच खरे आहे. अर्ध्या माहितीवर पैसा गुंतवला की संसाराचे काय होते, हे मी माझ्याच एका चुकीतून शिकलो. म्हणून ती चूक आधी सांगतो आणि मग कायद्याकडे वळतो.

चूक माझी, भुर्दंड दुसऱ्याला

२०१७ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी करून देणाऱ्या महाराष्ट्राच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाल्याची बातमी आली होती. माझ्या कार्यक्षेत्रातले एक शेतकरी वर्तमानपत्र घेऊनच माझ्याकडे आले. तीन एकरांचे धनी. पण दावणीला खिल्लार जनावर हवेच, असा घराचा रिवाज. २०१४ साली शर्यती बंद झाल्या तेव्हा त्यांनी शर्यतीची जोडी मन घट्ट करून विकली होती. त्यांनी विचारले, "साहेब, आता धरायची का नवी जोडी?"

मी बीएस्सी शेती झालेला माणूस. बैलाचे दात पाहून वय सांगेन, खुराक सांगेन. पण त्या दिवशी मी कायद्याचाही सल्ला देऊन बसलो. म्हणालो, "राष्ट्रपतींची सही झाली. आता कोण अडवतो?"

त्यांनी हातउसने पैसे काढून दोन खोंड आणले. महिनाभरही गेला नसेल, तोच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली. ती मनाई उठायला डिसेंबर २०२१ उजाडला. चार वर्षांहून अधिक काळ ते खोंड दावणीला उभे. सरकी पेंड, कडबा, औषधपाणी सगळे चालूच. मध्ये एकदा घरी गेलो तेव्हा वहिनी चहा देताना एवढेच म्हणाल्या, "साहेब, कायदा थांबतो. पण जनावराचं खाणं थांबतं का?" मला उत्तर सुचले नाही. बैलाची पळण्याची उमेदीची वर्षे ती किती? ती वर्षे दावणीलाच सरली. शर्यती सुरू झाल्या तेव्हा एक बैल विकून झाला होता आणि दुसरा पाळीला जुंपला होता.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

घटनेने केलेली वाटणी

आपल्या घरात भाऊ वेगळे होतात तेव्हा काय होते? थोरल्याच्या नावाने एक गट होतो, धाकट्याच्या नावाने दुसरा, आणि विहीर मात्र सामाईक राहते. आपल्या राज्यघटनेनेही केंद्र आणि राज्य यांच्यात अशीच वाटणी करून दिली आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत तिच्या तीन याद्या आहेत.

पहिली संघ सूची. संरक्षण, रेल्वे, टपाल, चलन हे विषय केंद्राचे. दुसरी राज्य सूची. शेती, जमीन, पाणी, पोलीस, बाजार आणि जत्रा हे विषय राज्याचे. तिसरी समवर्ती सूची, म्हणजे सामाईक विहीर. या यादीतल्या विषयांवर केंद्रही कायदा करू शकते आणि राज्यही. जंगल, शिक्षण, अन्नधान्य-तेलबिया-कच्चा कापूस यांचा व्यापार आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध हे विषय या यादीत येतात. (जंगल आणि शिक्षण हे विषय पूर्वी राज्यांकडे होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते सामाईक झाले.)

वाटणी झाली तरी बांधावरून तंटे होतातच. तसे झाले तर निवाडा कसा करायचा, याचीही रीत घटनेत आणि न्यायालयाच्या निकालांत घालून दिलेली आहे. चार प्रश्न क्रमाने विचारायचे. क्रम चुकवायचा नाही.

पहिला प्रश्न : विषय कोणाच्या वाटणीतला?

राज्याने कायदा केला. पण विषयच मुळात केंद्राच्या यादीतला असेल, तर तो कायदा टिकत नाही. केंद्राने राज्याच्या यादीत हात घातला, तरी एरवी तोच न्याय. पाहताना कायद्याचे नाव पाहायचे नसते, त्याचा मूळ गाभा कशाशी निगडित आहे ते पाहायचे असते. दोन याद्या खरोखरच एकमेकींवर चढल्या आणि काही केल्या मेळ बसेना, तर केंद्राची यादी वरचढ ठरते.

साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्यांना हे उदाहरण पटेल. उसाच्या मळीपासून अल्कोहोल बनते. पिण्याची दारू हा राज्याचा विषय. पण कारखान्यांत कच्चा माल म्हणून वापरले जाणारे औद्योगिक अल्कोहोल कोणाचे? १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी दिलेला निकाल केंद्राच्या बाजूने होता. २०२४ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो फिरवला आणि औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांना अधिकार आहे, असे ठरवले. तेव्हा केंद्रापुढे राज्याचे कधीच चालत नाही, हा समज मनातून काढून टाका.

दुसरा प्रश्न : टक्कर खरीच आहे का?

दोन कायदे एकाच विषयावर असले म्हणजे ते भांडतातच असे नाही. दोन्ही एकाच वेळी पाळता येत असतील, तर दोन्ही लागू राहतात.

याचे उत्तम उदाहरण उसाचे आहे. उसाचा किमान दर केंद्र ठरवते. आज आपण त्याला एफआरपी म्हणतो. उत्तर प्रदेशात मात्र राज्य सरकार आपला वेगळा दर सुचवते आणि तो केंद्राच्या दरापेक्षा जास्त असतो. कारखानदार न्यायालयात गेले : केंद्राने दर ठरवल्यावर राज्याने मध्ये का पडावे? २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की, केंद्राचा दर हा किमान दर आहे. जो कारखाना राज्याचा जास्त दर देतो, तो केंद्राच्या किमान दराचा भंग करीत नाही. मग टक्कर कुठे आली? राज्याचा दर केंद्राच्या दराहून कमी असता, तर प्रश्न वेगळा होता. हा विषय पुढे पुन्हा न्यायालयात गेला आणि २०२० साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो अधिक मोठ्या, सात न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. पण आपल्याला त्यातून घ्यायचा धडा एवढाच, की कोणी "दोन कायदे आडवे आलेत" असे म्हणाला की आधी विचारायचे : दोन्ही पाळता येतात का?

तिसरा प्रश्न : खरीच टक्कर असेल तर?

समजा, विषय सामाईक यादीतला आहे आणि दोन्ही कायदे एकाच वेळी पाळणे शक्य नाही. एक म्हणतो करा, दुसरा म्हणतो करू नका. अशा वेळी घटनेचे कलम २५४ पुढे येते. त्याचा साधा नियम असा : केंद्राचा कायदा चालेल. राज्याच्या कायद्याचा जेवढा भाग केंद्राच्या कायद्याला आडवा जातो, तेवढा रद्द समजावा. उरलेला भाग राहू शकतो. राज्याचा कायदा आधी झाला की नंतर, याने या साध्या नियमात फरक पडत नाही.

आता बैलाकडे येऊ. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० सालचा आहे. ११ जुलै २०११ रोजी केंद्राने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत त्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. तिकडे तमिळनाडूने २००९ सालीच जल्लीकट्टूला, म्हणजे वळूला कवेत घेण्याच्या त्यांच्या खेळाला, नियम घालून परवानगी देणारा कायदा केला होता. हा तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला. ७ मे २०१४ रोजी निकाल लागला : तमिळनाडूचा कायदा केंद्राच्या कायद्याच्या विरोधात जातो, म्हणून रद्द. त्याच निकालाने महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बंद झाल्या. आमच्या त्या शेतकऱ्यांनी जोडी विकली ती तेव्हा.

इथवर पाहिले तर "मोठ्याचं चालतं" हे चावडीवरचे उत्तर खरे वाटते. पण गोष्ट इथे संपत नाही.

चौथा प्रश्न : राष्ट्रपतींची संमती आहे का?

कलम २५४ च्याच दुसऱ्या पोटकलमात एक वाट ठेवली आहे. राज्याने सामाईक विषयावर केंद्राच्या कायद्याला आडवा जाणारा कायदा केला, तो राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवला गेला आणि त्यांनी संमती दिली, तर त्या राज्यापुरता राज्याचाच कायदा चालतो. शेजारच्या राज्यात मात्र केंद्राचाच कायदा राहतो. ज्याला हवे त्या राज्याने आपापली संमती आणायची.

तमिळनाडूच्या २००९ च्या कायद्याला ही संमती नव्हती. त्या कायद्याच्या दुबळेपणाचे ते एक मोठे कारण होते. मधल्या काळात, जानेवारी २०१६ मध्ये, केंद्राने नवी अधिसूचना काढून खेळांना मोकळीक देऊन पाहिली. पण सर्वोच्च न्यायालयाने तिला लगेच स्थगिती दिली. मग जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर मोठे आंदोलन झाले आणि तमिळनाडूने या वेळी वाट बदलली. वेगळा कायदा न करता त्यांनी केंद्राच्या १९६० च्या कायद्यालाच आपल्या राज्यापुरती दुरुस्ती केली आणि राष्ट्रपतींची संमती घेतली. महाराष्ट्राने आणि कर्नाटकानेही तीच वाट धरली.

इथे एक खुलासा करायला हवा. राष्ट्रपती ही संमती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने देतात. म्हणजे राज्याचे चालते, तेही केंद्राने मान डोलावल्यावर. शिवाय, विधानसभेत विधेयक मंजूर झाले म्हणजे कायदा झाला, असे होत नाही. २०२० साली केंद्राने शेतमालाच्या व्यापाराचे कायदे केले, तेव्हा पंजाब विधानसभेने त्यांना उत्तर म्हणून ऑक्टोबरमध्ये आपली विधेयके मंजूर केली. संमतीवाचून ती अंमलात आलीच नाहीत. केंद्राचे कायदे हटले ते वेगळ्या वाटेने : जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी थांबवली आणि त्याच वर्षाअखेर संसदेने ते स्वतः मागे घेतले.

संमती मिळाली तरी राज्याचे पान कायमचे भरले असेही समजू नका. संसद पुन्हा त्याच विषयावर नवा कायदा करून राज्याचा कायदा मोडून काढू शकते. याचा दाखला आपल्या जुन्या मुंबई राज्यातलाच आहे आणि तोही ज्वारीचा. धान्यावर नियंत्रण होते त्या काळात एकाने परवान्याशिवाय ज्वारी हलवली आणि खटला झाला. मुंबई राज्याने १९४७ साली केंद्राच्या कायद्यापेक्षा कडक, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा कायदा केला होता आणि त्याला त्या वेळच्या रीतीप्रमाणे वरून संमतीही होती. पुढे १९५० साली संसदेने त्याच विषयाच्या शिक्षा नव्याने ठरवल्या. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नंतरच्या केंद्रीय कायद्यामुळे मुंबईचा तो कायदा आपोआप बाजूला पडला.

मग माझे काय चुकले?

२०१७ साली मी ज्या बळावर सल्ला दिला, ते बळ खोटे नव्हते. राष्ट्रपतींची सही झालीच होती. पण मी दोन गोष्टी विसरलो. एक, कायदा झाला तरी त्याखालचे नियम तयार व्हावे लागतात. ते नसताना काम पुढे सरकत नाही. आणि दुसरी, अधिक मोठी गोष्ट : टक्कर आहे की नाही, संमतीने ती मिटली की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ना मंत्र्यांना, ना तलाठ्याला, ना माझ्यासारख्या विस्तार अधिकाऱ्याला. तो उच्च न्यायालयाला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाला आहे. प्रकरण तिथे चालू असेपर्यंत कायदा कागदावर असूनही थांबलेला असू शकतो.

तसेच झाले. उच्च न्यायालयाने मनाई केली. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ डिसेंबर २०२१ रोजी अंतिम निकालाच्या अधीन राहून शर्यतींना परवानगी मिळाली. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. राष्ट्रपतींची संमती आहे, आणि नवे कायदे व नियम एकत्र वाचले तर जनावरांचा त्रास बराच कमी होतो, असे न्यायालयाने म्हटले. पण त्याच निकालात हेही बजावले, की हे नियम काटेकोर पाळले गेले पाहिजेत आणि त्याची जबाबदारी जिल्हाधिकारी व संबंधित अधिकाऱ्यांवर राहील.

म्हणून घाटात गाडा जुंपणाऱ्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. आपल्याला मोकळीक मिळाली आहे ती अटींसह. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागतेच. १९६० च्या मूळ कायद्यात जनावराला छळणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याबद्दल दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला आहे. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत मात्र शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ज्या कायद्याने वाट मोकळी केली, त्याच कायद्याने वाटेवर काठीही उभी केली आहे. बैलाला टोचणे, मारणे, शॉक देणे असले प्रकार जनावरावर अन्याय तर आहेतच. पण एका गावाच्या अशा वागण्यावर बोट ठेवून उद्या साऱ्या राज्याची मोकळीक पुन्हा न्यायालयात ओढली जाऊ शकते.

घरात काय ठरवाल?

शर्यत असो, उसाचा दर असो, बाजार समितीचा नियम असो की जंगलालगतच्या जमिनीचा, "नवा कायदा आला" असे कानावर आले की घरातल्या चार माणसांनी बसून वरचे चार प्रश्न क्रमाने विचारावेत. विषय कोणाचा? टक्कर खरी आहे का? केंद्राचा कायदा आडवा येतो का? येत असेल तर संमती आहे का? आणि ही चार उत्तरे मिळाली तरी पैसा काढण्याआधी आणखी एक चौकशी करावी : न्यायालयाची स्थगिती तर नाही ना, आणि नियम निघाले आहेत का?

ही चौकशी कुठे करायची? तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. तिथे कायद्याचा सल्ला मिळतो. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना तिथे मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. भगिनींसाठी तर उत्पन्नाची अटही नाही. तेव्हा घरच्या मालकाला वेळ नसेल, तर घरच्या मालकिणीने जावे. परवानगी आहे असे कोणी तोंडी सांगितले, तर तिचा कागद मागावा, त्यावरची तारीख पाहावी. आणि न्यायालयाने तो कायदा थांबवलेला किंवा रद्द केलेला नसेल तोवर तो खरा धरूनच चालावे. "दुसऱ्या कायद्यात वेगळं लिहिलंय" असे सांगून स्वतःच निवाडा करू नये.

गेल्या उन्हाळ्यात त्या शेतकऱ्यांच्या घरी पुन्हा जाणे झाले. मुलगा आता हाताशी आला आहे. गावच्या यात्रेत गाडा पळवायची त्याची इच्छा होती आणि खोंड पाहूनही ठेवला होता. मला पाहून वडील हसले. म्हणाले, "साहेब, या वेळी तुम्हाला विचारलं नाही. पोरगा कचेरीत जाऊन यात्रा कमिटीच्या परवानगीचा कागद बघून आला, मगच इसार दिला."

वहिनींनी चहा आणला. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत, आणि मला बरे वाटले.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी